प्रोटॉन थेरपीसाठी वीस गुंठे विकावेत का?

कृष्णाकाठ | ९ जानेवारी, २१:४०

नमस्कार मंडळी. सहा-सात वर्षं नुसती वाचते आहे. पहिला धागा या विषयावर काढावा लागेल असं वाटलं नव्हतं.

अण्णांना (वडील, वय ७१) प्रोस्टेटचा (मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) कॅन्सर निघालाय. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) १४, बायोप्सीत ग्लीसन (आजार किती आक्रमक ते सांगणारे गुण) ३+४. स्कॅनमध्ये बाहेर कुठे पसरलेलं दिसलं नाही. 'कापाकापी नको' असं अण्णा पहिल्याच दिवशी म्हणाले आणि दोन स्टेंट असल्यामुळे डॉक्टरांनीही ऑपरेशनचा आग्रह धरला नाही. रेडिएशन द्यायचं ठरलं. इथवर घरात एकमत होतं.

मग अमेरिकेतल्या आतेभावाचा फोन आला. साधं रेडिएशन अजिबात घेऊ नका, प्रोटॉनच घ्या, ते फक्त गाठीवर जातं, साइड इफेक्ट शून्य. एका खासगी ठिकाणी विचारलं तर पंचवीस लाखांच्या आसपास अंदाज सांगितला. आमचा विमा तीन लाखांचा. धाकटा भाऊ म्हणतो, कॅनॉलकडेचे वीस गुंठे काढून टाकू, अण्णांपेक्षा जमीन मोठी आहे का? आता याला 'हो' कोण म्हणणार?

इथल्या डॉक्टरांचं म्हणणं, गरज नाही. भावाचं म्हणणं, त्यांच्याकडे ते मशीन नाही म्हणून ते तसं म्हणणारच. मी मराठीची शिक्षिका, मला फोटॉन आणि प्रोटॉन यांत फक्त एका अक्षराचा फरक दिसतो. कुणी समजावून सांगेल का?

पिठलंभाकर | ९ जानेवारी, २१:५८

शीर्षक घाईत वाचलं आणि वाटलं प्रोटीनच्या डब्यासाठी जमीन विकताय. आमच्या जिमवाल्याकडे पाहता तेही अशक्य नाही. माफ करा ताई, अण्णांना लवकर बरं वाटो.

अणुरेणू | ९ जानेवारी, २३:१५

मी डॉक्टर नाही, भौतिकशास्त्र शिकवतो. तेवढ्यापुरतं सांगतो.

नेहमीच्या रेडिएशनमध्ये क्ष-किरण असतात, म्हणजे फोटॉन. ते शरीरात शिरतात, कातडीखाली एक-दीड सेंटीमीटरवर सगळ्यात जास्त ऊर्जा सोडतात आणि मग हळूहळू कमी होत पलीकडून बाहेर पडतात. गाठ मध्ये कुठेतरी असते. तिच्या आधीचं आणि नंतरचं, दोन्हीकडचं शरीर वाटेत भाजतं. म्हणून वेगवेगळ्या बाजूंनी थोडे थोडे किरण मारतात, म्हणजे गाठीवर बेरीज होते आणि बाकी ठिकाणी वाटणी.

प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनचं केंद्रक. त्याला वस्तुमान आहे, विद्युतभार आहे. तो शिरताना कमी ऊर्जा टाकतो, वेग मंदावत जातो आणि थांबायच्या ऐन आधी उरलेली बरीचशी ऊर्जा एकदम टाकून मोकळा होतो. पलीकडे जवळपास काहीच नाही. या टोकाला ब्रॅग पीक म्हणतात. विल्यम ब्रॅग ऑस्ट्रेलियात ॲडलेडला प्राध्यापक असताना १९०४ च्या सुमारास त्यांना अल्फा कणांत हे दिसलं होतं.

एसटीच्या भाषेत सांगायचं तर क्ष-किरण म्हणजे लालपरी. प्रत्येक फाट्यावर माणसं उतरवत जाते आणि तुमच्या गावाच्या पुढेही जात राहते. प्रोटॉन ही विनाथांबा गाडी, मुक्कामाला सगळे उतरतात आणि गाडी तिथेच डेपोत. किती लांब जायचं ते सुरुवातीच्या ऊर्जेवर ठरतं. २३० एमईव्हीचा (एमईव्ही हे ऊर्जेचं एकक) प्रोटॉन पाण्यात साधारण ३२-३३ सेंटीमीटर जातो, १५० चा त्याच्या निम्म्याने.

कल्पना जुनी आहे. अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम केलेल्या रॉबर्ट विल्सननी १९४६ साली सुचवली, १९५४ मध्ये बर्कलेला पहिल्या रुग्णावर वापरली गेली. पण रुग्णालयातच प्रोटॉनसाठी खास यंत्र बसवलेलं पहिलं केंद्र कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडाला १९९० मध्ये उघडलं. एवढा उशीर, कारण थांबायचं कुठे हे कळायला शरीराच्या आतला नकाशा लागतो, आणि सीटी स्कॅन आला तोच मुळी सत्तरच्या दशकात.

बॅरोमीटर | १० जानेवारी, ०७:०२

दंडवत गुरुजी. पण एक शंका. विनाथांबा गाडीने मुक्काम चुकवला आणि पुढच्या गावात जाऊन सगळे प्रवासी उतरवले तर?

अणुरेणू | १० जानेवारी, ०७:४०

नेमका हाच कळीचा प्रश्न आहे. सीटीवरून अंतर काढताना साडेतीन टक्क्यांच्या आसपास चूक धरून चालतात. शिवाय माणूस बारीक झाला, आतड्यात गॅस आला, सायनस भरलं, तर वाटेतला माल बदलतो आणि गाडी अलीकडे-पलीकडे थांबते. फोटॉनला अशा बदलाने थोडा फरक पडतो, प्रोटॉनला बराच.

आणि अगदी विनाथांबाही नसते ती. गाठ काही सेंटीमीटर जाड असते, त्यामुळे वेगवेगळ्या ऊर्जांची टोकं एकापुढे एक लावावी लागतात. त्या नादात कातडीपासून गाठीपर्यंतच्या भागालाही बऱ्यापैकी मात्रा मिळते. कंडक्टर ओळखीचा निघाला की दोन-चार जण मधे उतरतातच.

निंबोणी | १० जानेवारी, १०:२१

अवांतर : आमच्या आजीला १९९४ साली 'लाईट' दिली होती. गावात सगळे तसंच म्हणायचे, 'तिला पस्तीस लाईट दिल्या'. आजीला वाटायचं आत बल्ब लावतात. घरी आली की अंधारात स्वतःचा हात बघायची, चमकतोय का. बाहेरच्या मशीनने दिलेल्या किरणांनी माणूस चमकत नाही आणि शेजारच्याला काही होतही नाही, पण तेव्हा सुनांनी बाळंना तिच्याजवळ जाऊ दिलं नव्हतं. ते तिला आजाराहून जास्त लागलं.

पिठलंभाकर | १० जानेवारी, १०:३०

आमच्याकडे 'शेक' म्हणायचे. शेकल्यावर कातडी काळी पडते म्हणून असेल.

ह्यूस्टनची हिरवळ | १० जानेवारी, १९:४५

आतेभावाला इतकं झोडपू नका बुवा. मी इथे ह्यूस्टनला राहते, इथल्या एमडी अँडरसन कॅन्सर रुग्णालयाचं प्रोटॉन केंद्र २००६ पासून आहे. माझ्या सासऱ्यांना घशाचा (टॉन्सिलचा) कॅन्सर झाला, त्यांनी प्रोटॉन घेतलं. तोंड आलं, चव गेली, पण जेवणासाठी पोटात नळी घालावी लागली नाही. शेजारच्यांनी नेहमीचं घेतलं, त्यांना चार महिने नळी होती. आणि हा नुसता माझा अनुभव नाही. इथूनच चालवलेल्या, ४४० रुग्णांच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये मांडले गेले. आजार आटोक्यात ठेवण्यात दोन्ही सारखे आणि नळी लागण्याचं प्रमाण प्रोटॉनवाल्यांत कमी.

चांगली गोष्ट महाग असते. वडिलांच्या बाबतीत एवढा हिशोब कशाला?

कृष्णाकाठ | १० जानेवारी, २०:१०

हिशोब यासाठी की अण्णांना विचारलं तर ते म्हणतील 'जमीन विकून मला जगवू नका' आणि उपचारच थांबवतील. तसे ते आहेत.

आरोग्यधन | १० जानेवारी, २०:४४

(प्रतिसाद संपादित. कॅन्सर 'मुळापासून' घालवणारे काढे आणि त्यांचे भाव इथे देऊ नयेत. - व्यवस्थापन)

ओवीची आई | ११ जानेवारी, ००:५२

या विषयावर कधी लिहिणार नाही असं ठरवलं होतं. पण 'साइड इफेक्ट शून्य' हे वाचलं आणि झोप येईना.

माझ्या मुलीला (नाव बदललंय) २०२१ मध्ये, सहाव्या वर्षी, मेंदूच्या मागच्या भागात मेड्युलोब्लास्टोमा नावाचा कॅन्सर झाला. ऑपरेशननंतर पूर्ण मेंदू आणि पूर्ण मणका यांना किरण द्यावेच लागतात, कारण पेशी मणक्यातल्या पाण्यातून खाली उतरतात. आमच्या सर्जननी कागदावर मुलीचं चित्र काढलं. पाठीतून क्ष-किरण मारले की ते मणक्यातून पुढे जातात : थायरॉइड, हृदय, आतडी, खाली बीजकोश. तिला अजून साठ-सत्तर वर्षं जगायचंय, म्हणाले, यातलं प्रत्येक पान तिच्या वहीत राहील. प्रोटॉन मणक्याच्या पुढच्या कडेला थांबतात. म्हणजे मणक्यात नव्हे, कडेला. वाढत्या मुलांत मणक्याचं अर्धंच हाड भाजलं तर ते वाकडं वाढतं, म्हणून सगळं हाड मुद्दाम घेतात. हे ऐकताना मी काय काय शिकतेय असं झालं होतं.

तेव्हा देशात ही सोय चेन्नईला, २०१९ मध्ये सुरू झालेल्या अपोलोच्या केंद्रातच होती. आम्ही दोन महिने तिकडे खोली घेऊन राहिलो. तीस बैठका, सोमवार ते शुक्रवार. चेहऱ्याचा जाळीचा मुखवटा, तो टेबलाला अडकवतात. खोलीत अर्धा-पाऊण तास जातो, त्यातला प्रत्यक्ष किरणांचा वेळ थोडाच, बाकी सगळा नीट झोपवण्यात आणि जुळवण्यात. लहान मुलांना रोज भूल देतात, म्हणजे रोज उपाशी पोटी. पहिले पाच दिवस दिली. सहाव्या दिवशी ती म्हणाली, इडली खाऊन आले तर चालेल का, मी हलणार नाही. आणि नाही हलली. मी बाहेरून माइकवर गोष्ट सांगायचे, रोज तीच, भोपळ्यातल्या म्हातारीची. तिसऱ्या आठवड्यात वजन उतरलं म्हणून पुन्हा सीटी करून सगळं गणित नव्याने मांडलं. वर अणुरेणूंनी सांगितलंय तेच कारण.

आता काय वाचलं आणि काय नाही ते. उलट्या खूप कमी झाल्या. हृदय, पोट यांवरून मात्रा जवळपास गेलीच नाही. पण मेंदूला तर पूर्ण मात्रा मिळाली, कारण ती द्यायचीच होती. तिथे प्रोटॉन काय आणि फोटॉन काय. केस गेले, मागच्या बाजूचे अजून विरळ आहेत. उंचीसाठी संप्रेरकाच्या तपासण्या चालू आहेत. गणिताला तिला इतरांपेक्षा वेळ लागतो, शाळेकडून जादा वेळ मागून घेतलाय. माझी मुलगी आज दंगा करत शाळेत जाते, मी त्या यंत्रापुढे हात जोडते. पण शून्य म्हणू नका हो.

पैशांचं विचाराल तर ट्रस्ट, नातेवाईक, माझे दागिने आणि ऑफिसातल्या लोकांची वर्गणी. विमा कंपनीने 'पॉलिसीत बसत नाही' म्हणून दोनदा पत्र परत पाठवलं, तिसऱ्यांदा काही भाग दिला.

निंबोणी | ११ जानेवारी, ०६:१८

ओवीची आई, भोपळ्यातली म्हातारी वाचून डोळे भरले.

बॅरोमीटर | ११ जानेवारी, ०८:३०

ओवीला आमच्याकडून एक इडली.

खडीसाखर | ११ जानेवारी, २२:०५

मी किरणोपचार तज्ज्ञ आहे, विदर्भात काम करतो. आमच्याकडेही प्रोटॉन नाही, तेव्हा कृष्णाकाठ यांच्या भावाच्या नियमाने माझंही म्हणणं तपासूनच घ्या.

आधी एक गैरसमज काढू. प्रोटॉन हे 'जास्त पॉवरफुल' किरण नाहीत. पेशी मारण्याची त्यांची ताकद आम्ही फोटॉनच्या १.१ पट धरतो, बस. फरक ते कुठे थांबतात यात आहे. त्यामुळे मी पेशंटला आधी विचारतो, गाठीच्या पलीकडे काय आहे? ओवीच्या बाबतीत पलीकडे पूर्ण बालपण होतं. कवटीच्या तळाच्या कॉर्डोमात (हाडात होणारी एक दुर्मिळ गाठ) पलीकडे ब्रेनस्टेम (मेंदूचा देठ) आणि दृष्टीची नस असते, आणि त्या गाठीला मात्राही फार जास्त लागते. डोळ्यातला मेलॅनोमा (रंगपेशींचा कॅन्सर), एकदा किरण दिलेल्या जागी पुन्हा द्यायची वेळ, या ठिकाणी मी स्वतः पेशंटला पत्र देऊन पाठवतो. ह्यूस्टनताईंच्या सासऱ्यांच्या आजारातही बाजू मजबूत होत चालली आहे. त्यांनी सांगितलेली चाचणी खरी आहे.

आता प्रोस्टेट. इथे पलीकडे गुदाशय आहे, आणि तो चिकटूनच आहे. तुम्ही म्हणाल, मग समोरून प्रोटॉन मारून गुदाशयाच्या अलीकडे थांबवा! तेच तर करता येत नाही. साडेतीन टक्के चूक म्हणजे किती ते काढा : वीस सेंटीमीटर खोलीवर सात मिलिमीटर. समोरून मारायचे तर मूत्राशय आज किती भरलंय यावर ते अंतर रोज बदलतं, आणि गुदाशयाची भिंत त्याच सात मिलिमीटरच्या आत आहे. म्हणून प्रोटॉन दोन्ही बाजूंनी, खुब्याच्या हाडांतून देतात. म्हणजे ज्या गुणासाठी पैसे मोजले, तो थांबण्याचा गुण गुदाशयाच्या दिशेने वापरलाच जात नाही. तिथे कामी येते ती किरणशलाकेची बाजूची धार, आणि एवढ्या खोलीवर ती प्रोटॉनची काही फोटॉनहून तीक्ष्ण नसते. मूत्रमार्ग तर ग्रंथीच्या आतूनच जातो, त्याला कोण वाचवणार?

एवढं करून मग प्रत्यक्षात काय होतं? अमेरिकेत ४५० रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटून अर्ध्यांना प्रोटॉन, अर्ध्यांना आयएमआरटी (गाठीच्या आकाराप्रमाणे मात्रा बेतणारं फोटॉनचंच रेडिएशन) अशी चाचणी झाली, २०२४ मध्ये निष्कर्ष आले. शौचाचा त्रास, लघवीचा त्रास, लैंगिक तक्रारी, दोन्हीकडे सारखं. पाच वर्षांनी आजार पुढे न सरकलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे ९३ टक्क्यांच्या आसपास. आतेभावाच्याच देशातला अभ्यास आहे हा, त्यांना जरूर कळवा.

ह्यूस्टनची हिरवळ | ११ जानेवारी, २२:४०

डॉक्टर, त्या चाचणीतल्या लोकांना उत्तम दर्जाचं आयएमआरटी मिळालं होतं. सांगली-मिरजेत तसं मिळेल याची खात्री काय? मला इथून तेवढंच म्हणायचं होतं.

खडीसाखर | ११ जानेवारी, २३:०२

मुद्दा रास्त आहे आणि तो टाळणार नाही. म्हणूनच त्या पंचवीस लाखांऐवजी ताईंनी चार प्रश्न विचारावेत. रोज किरण देण्याआधी मशीनवरच सीटीसारखी प्रतिमा घेता का? नुसत्या पेल्व्हिसच्या (कमरेच्या हाडांच्या) एक्स-रेवर जुळवता का? किती बैठका देणार? मूत्राशय आणि गुदाशय यांच्या तयारीचा तुमचा नियम काय? उत्तर देताना जो चिडेल त्याच्याकडे जाऊ नये.

बैठकांबद्दल : पूर्वी सात-आठ आठवडे लागायचे. आता २० बैठकांत ६० ग्रे (मात्रेचं एकक) हे जुनं आणि पक्कं झालंय. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीनंतर २०१६ पासून आम्ही सर्रास देतो. निवडक रुग्णांत पाच बैठकांतही होतं. मिरजेहून रोज गावी जाऊन-येऊन करणाऱ्याला हा फरक कुठल्याही प्रोटॉनहून मोठा आहे. नेहमीचा किरणोपचार महात्मा फुले योजनेत बसतो, यादीतलं रुग्णालय आहे का ते आधी बघा.

पिठलंभाकर | १२ जानेवारी, ०९:१५

बाकी त्या यंत्राला एवढे पैसे पडतात तरी कशाचे? सोन्याचं आहे का?

अणुरेणू | १२ जानेवारी, ०९:५०

वजन ऐका. मोठ्या केंद्रातला सायक्लोट्रॉन २२० टनांचा. तो हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन काढून उरलेल्या प्रोटॉनला प्रकाशाच्या ६० टक्के वेगापर्यंत नेतो. मग चुंबकांची रांग. मग गॅन्ट्री, म्हणजे पेशंटभोवती फिरणारा शंभर टनांवरचा सांगाडा, दोन-तीन मजली उंच, आणि शलाका थांबली पाहिजे मिलिमीटरच्या हिशोबात. भोवती मीटर-दोन मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंती. पेशंटला यातलं फक्त एक पांढरं टेबल आणि तोटी दिसते.

तुकडाबंदी | १२ जानेवारी, ११:३३

खारघरचं कुणी कसं सांगितलं नाही? टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रामध्ये तीन गॅन्ट्रींचं प्रोटॉन केंद्र आहे. ११ मे २०२३ ला लोकार्पण झालं, त्याच वर्षी रुग्ण सुरू झाले. अणुऊर्जा विभागाची संस्था, त्यामुळे खासगीपेक्षा खर्च कमी. पण 'मला पाहिजे' म्हणून तिथे मिळत नाही. आधी टाटात फाइल, मग त्यांची डॉक्टर मंडळी बसून ठरवतात कुणाला खरंच फायदा आहे. माझ्या पुतण्याचं असंच ठरलं. पुतण्याच्या आधी एक काका रांगेत होते, प्रोस्टेटवाले, त्यांना सांगितलं तुम्हाला आयएमआरटी पुरे. ते आधी रागावले, मग चहा पाजला सगळ्यांना.

राहायचं म्हणाल तर परळला (टाटाच्या मुख्य रुग्णालयात) उपचार असतील तर दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा आणि नाना पालकर स्मृती समिती. दोन्हीकडे पत्र घेऊन जावं लागतं, लवकर जा.

निंबोणी | १२ जानेवारी, १२:०५

गाडगेबाबांच्या धर्मशाळेत आम्हीही राहिलोय. तिथल्या गॅलरीत आजारांची जेवढी माहिती मिळाली तेवढी कुठल्या पुस्तकात नाही. संध्याकाळी सगळे आपापल्या लाईटचा आकडा सांगायचे, 'माझ्या अठरा झाल्या, तुझ्या?' असं.

बॅरोमीटर | १२ जानेवारी, १४:४८

माझ्या बहिणीला डाव्या स्तनाचा कॅन्सर आहे. हृदयासाठी प्रोटॉन घ्या म्हणतात. तिथेही हेच का?

खडीसाखर | १२ जानेवारी, २१:२०

डाव्या बाजूला आधी बिनपैशाची युक्ती करून बघतात. खोल श्वास घेऊन रोखायला शिकवतात. छाती फुगते, हृदय किरणांच्या वाटेतून मागे सरकतं, तेवढ्यात किरण देऊन घेतात. बहुतेकींना एवढं पुरतं. छातीच्या मधल्या लसिका गाठींनाही (लिम्फ नोड) किरण द्यायचे असतील, शरीराची ठेवण वेगळी असेल, तर दोन्ही आराखडे शेजारी ठेवून हृदयाला किती मात्रा जाते ते बघावं. तुमच्या डॉक्टरांना 'दोन्ही प्लॅन दाखवा' म्हणायला लाजू नका. बाकीचं नव्या धाग्यावर विचारा, अण्णांना जागा राहू दे.

ह्यूस्टनची हिरवळ | १३ जानेवारी, ०२:१०

डॉक्टर, अभ्यास वाचला. प्रोस्टेटपुरतं माझं म्हणणं मागे घेते. घशापुरतं नाही!

कृष्णाकाठ | २२ मार्च, १८:३५

धागा वर आणतेय, कारण हिशोब द्यायचा राहिला होता.

चार प्रश्न कागदावर लिहून घेऊन गेले. डॉक्टर चिडले नाहीत. उलट मशीनच्या खोलीत नेऊन रोजची प्रतिमा कशी घेतात ते भावाला पडद्यावर दाखवलं. आतेभावाला तो ४५० जणांचा अभ्यास पाठवला. दोन दिवस उत्तर नाही, मग 'ओके, मेक्स सेन्स' एवढंच. त्याच्या मनात काळजीच होती, मला ठाऊक आहे. भाऊ अजून अधूनमधून म्हणतो, खारघरला एकदा दाखवायला हवं होतं. म्हणू दे.

अण्णांच्या वीस बैठका परवा संपल्या. त्रास झाला नाही असं नाही. दुसऱ्या आठवड्यापासून रात्री पाच-पाच वेळा उठत होते, लघवीला जळजळ, आता उतरतेय. पण सगळ्यात मोठं भांडण पाण्यावरून. आधी पोट साफ हवं, मग मोजून पाणी प्यायचं आणि मूत्राशय भरेपर्यंत थांबायचं. एके दिवशी आधीच्या पेशंटला वेळ लागला तर अण्णा टेक्निशियनला म्हणाले, 'बाळा, कॅनॉलचं पाणी सुटलंय, दारं उघड लवकर, नाहीतर बांध फुटतोय.' तेव्हापासून तिथली पोरं त्यांना पाटकरी म्हणायची.

खर्च योजनेतून झाला, वरचे काही हजार आमचे. वीस गुंठ्यांत खोडवा उभा आहे. विकायचं चाललं होतं हे अण्णांना अजून सांगितलेलं नाही.

ओवीची आई | २२ मार्च, १९:०२

पाटकरी आजोबांना ओवीचा नमस्कार. तिला वाचून दाखवलं. विचारत होती, त्यांना मुखवटा होता का, आणि गोष्ट कोण सांगायचं.

कृष्णाकाठ | २२ मार्च, १९:२०

मुखवटा नव्हता ओवी. आणि गोष्ट तेच सांगायचे, टेक्निशियनला.